ओट्यावरची कॉफी

सिदहोम गेल्यापासून आमच्या ओट्यावर कॉफी झाली नव्हती.

चहा होई. घाण्यावर राबणाऱ्या माणसांना काळा, दाट, दात किटतील इतका गोड चहा लागतोच. पण कॉफी नाही. घरचा माणूस कुणी मारला, तर त्याचं रक्त फिटेपर्यंत त्या घरी कुणी सांत्वनाला येत नाही, बायका गळा काढत नाहीत आणि ओट्यावर कॉफीचा ट्रे येत नाही. कॉफी आली की गावानं समजायचं, फिटलं. आमच्या दूम गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नाईलच्या अलीकडच्या काठाला ठाऊक, पलीकडच्या काठाला ठाऊक. फक्त आमच्या माडीवर राहणाऱ्या अंद्राउसला ठाऊक नव्हतं.

सिदहोम माझा नवरा. पाटाच्या पाण्यावरून गेला. पाळी आमची होती. शेजारच्या कलादानं आमच्या पाटाचं दार फोडून पाणी आपल्या उसात वळवलं, सिदहोमनं चिखल घालून ते बुजवलं, आणि कलादानं फावडं घातलं. कानामागं एकच घाव. दोघं एका चर्चमध्ये लहानाचे मोठे झालेले, एकाच अबूनांनी, आमच्या पाद्र्यांनी, दोघांच्या डोक्यावर पाणी घातलेलं. माझ्या लग्नात याच कलादानं काठी फिरवत अंगणभर धूळ उडवली होती. मला तेव्हा पाचवा महिना लागला होता. रडायची मुभा नव्हती. मी पाचट ओढत होते आणि दातांवर दात दाबून जगत होते.

सासूनं, बल्सम तिचं नाव, सिदहोमचा रक्तानं वाळून ताठ झालेला झगा धान्याच्या रांजणात ठेवला होता. रोज सकाळी पीठ काढताना ती तो वर उचले, बाजूला ठेवी, पीठ काढी आणि झगा परत आत घाली. धाकटा दीर वानिस, वीस वर्षांचा, तिथंच भाकरी खात बसलेला असे. ती त्याला एक शब्द बोलत नसे. बोलायची गरजच नव्हती.

अंद्राउस उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाच्या मुलखातला. खरं नाव अँडर्स, गावानं त्याचा अंद्राउस केला. वय बावीस-तेवीस, उन्हानं नाकाची सालं निघालेली, दाढी मक्याच्या कणसाच्या केसांसारखी. मिशनच्या लोकांनी त्याला प्रभूचं वचन सांगायला धाडलं होतं. आम्हाला! सासूनं त्याला पहिल्याच दिवशी अंगणात उभं केलं.

“आमच्या वाडवडलांनी प्रभूपायी माना दिल्या, तवा तुझं वाडवडील झाडं-दगडं पूजत हुतं. तू काय शिकवनार रं आमाला?”

“आई, मी शिकवायला नाही, सेवा करायला आलो आहे,” तो म्हणाला. आमची भाषा तो पुस्तकातली बोले. ऐकणाऱ्याला वाटावं, कोर्टात उभा आहे.

“सेवा? मग शेन भर.”

आणि त्यानं खरंच भरलं. दोन्ही हातांनी, तोंड वाकडं न करता. सासू म्हणाली, “येडं हाय, पर लबाड न्हाई.”

पहाटे तो माडीच्या उघड्या छतावर गुडघे टेकून प्रार्थना करी, आणि पाण्याला निघालेल्या बायका खालून हसत. मग पोरांच्या पिकलेल्या डोळ्यांत औषध घाली. एकेक पोर चार बायकांनी धरावं लागे, पोरं त्याला चावत, हातावर दातांच्या खुणा घेऊन तो हिंडे. दुपारी खजुराखाली वानिसला आणि आणखी दोघातिघांना शुभवर्तमानातून अक्षरं शिकवी. आमचं पाणी त्याच्या पोटाला मानवत नसे. शिकवता शिकवता तो उठून उसात पळे आणि पांढराफटक होऊन परत येई. आमच्या सगळ्यांच्या मनगटावर लहानपणीच गोंदलेला क्रूस असतो. त्याच्या मनगटावर काही नव्हतं.

“हातावर क्रूस न्हाई, आन् म्हनं प्रभूचा मानूस,” उंटवाला अबादिर त्याला छेडी.

“माझा क्रूस हृदयात आहे, बंधू.”

“मेल्यावर हृदय कोन उघडून बघनार? हात दिसतो, बाबा, हात.”

मला तो आवडे आणि त्याचा रागही येई. ज्याला काहीच सोसावं लागलं नाही, त्याला क्षमेवर बोलणं सोपं असतं. माडीवर तो स्टोव्हवर स्वतःपुरती कॉफी करी, आणि तिचा वास जिन्यावरून खाली आला की सासूच्या कपाळाची शीर उठे. मी त्याला एकदा सांगितलं, “कॉफी वरच पी. खाली आनू नगंस.”

“का बरं, वहिनी?”

“आनू नगंस म्हनलं न्हवं!”

रक्ताची गोष्ट आमच्यात तोंडानं बोलून दाखवत नाहीत. त्याला वाटलं, दुखवट्यात गोडधोड टाळतात तसलं काही असेल. त्यानं मान डोलावली आणि पुढं विचारलं नाही.

ऊसतोड ऐन भरात आली तेव्हा वानिसच्या गळ्याभोवती फास आवळत आला. सासऱ्याची, म्हाताऱ्या गोब्रियालची जुनी बंदूक सासूनं तेल घालून त्याच्या उशाशी ठेवली होती. एके सकाळी ती घेऊन तो रहाटाकडं गेला. कलादा तिथं बैलाला पाणी पाजत पाठमोरा उभा होता, दगड फेकला तरी लागावा इतका जवळ. वानिस पाचटात दबून राहिला, आणि मग बंदूक खांद्याला लावून तसाच घरी आला. अबादिरनं उंटावरून ते पाहिलं. अबादिरनं पाहिलं म्हणजे दुपारपर्यंत गावानं पाहिलं.

त्या दिवशी सासू भाकरी घेऊन उसात आली. तोडणारी माणसं रांगेनं कोयते चालवत होती. ती सरळ वानिसपाशी गेली, डोक्यावरची आपली काळी ओढणी काढली आणि त्याच्या डोक्यावर घातली. हनुवटीखाली गाठ मारली. सगळ्यांसमोर.

“आता सोभतंस,” ती म्हणाली. “ये घरात. चुलीम्होरं बस. मी जातो रहाटाव.”

माणसं खाली बघायला लागली. वानिसनं ओढणी काढली नाही. लाल डोळ्यांनी तो वाकला आणि ओढणीसकट ऊस तोडायला लागला. कोयत्याचा एकेक घाव असा बसत होता की बुडखे उडत होते. मला वाटलं, आता हा स्वतःचाच पाय तोडणार.

अंद्राउस मोळ्या बांधत होता. तो आला, वानिसच्या हनुवटीखालची गाठ सोडली आणि ती ओढणी आपल्याच डोक्याला गुंडाळली. “फार ऊन आहे,” म्हणाला. “ही मला द्या, आई.”

दोघंतिघं फिसकन हसले. सासूनं त्याच्या थोबाडीत मारली. आवाज उसात घुमला. त्यानं, शपथेवर सांगते, दुसरा गाल पुढं केला. सासूनं त्यावरही मारली.

“माझं लेकरू मातीत हाय,” ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “तुझं कोन हाय रं मातीत? सांग की. कोन हाय?”

तो परत मोळी बांधायला वाकला. दोन्ही गालांवर बोटं उठली होती आणि डोक्याला ओढणी तशीच होती.

कलादाचे भाऊ गाद आणि फाम काही झोपले नव्हते. फिटलं नाही म्हणजे केव्हातरी फेडतील, हे त्यांनाही ठाऊक होतं, आणि भ्यालेला माणूस आधी हात उचलतो. एका सकाळी गोठ्यातून म्हैस ओरडली. मी जाऊन पाहिलं, तर ती पुढच्या दोन पायांवर उठू बघत होती आणि मागनं कोसळत होती. मागच्या दोन्ही पायांच्या शिरा कुणीतरी कोयत्यानं कापल्या होत्या. घाणा तिच्यावर चालायचा. सासऱ्यानं तिच्या डोळ्यांवरून हात फिरवला, “बास गं बाय, बास,” म्हणाला, आणि वानिसनं सुरी चालवली. वानिसचे हात कोपरापर्यंत लाल झाले तेव्हा सासू दारात उभी राहून ते हात बघत होती. भूक लागल्यावर माणूस भाकरीकडं बघतं तशी.

तोडलेला ऊस वाळत चालला होता. रस काढल्याशिवाय सुटका नव्हती. सासऱ्यानं घाण्याच्या लाटेला, त्या फिरत्या दांड्याला, दोर बांधला आणि म्हशीच्या जागी स्वतः उभा राहिला. वानिस त्याच्या जोडीला. अंद्राउसनं सदरा काढला आणि तिसरा दोर छातीला लावला. मी चरकात ऊस घालत होते, सासू चुलवाणात चिपाडं कोंबत होती, आणि ते तिघं जनावरांसारखे गोल गोल फिरत होते. अंद्राउसच्या गोऱ्या खांद्याचं कातडं दोरानं सोललं. त्यातून पाणी झिरपलं, मग रक्त. तो थांबला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याच्या बोलण्यात वजन आहे असं वाटलं.

“काका,” तो धापा टाकत म्हणाला, “हे कुठं थांबतं?”

“कंचं? ह्ये?” सासऱ्यानं लाटेकडं बोट केलं. “रस संपला की.”

“मारणं कुठं थांबतं?”

सासऱ्यानं आणखी दोन फेरे ओढले. मग म्हणाला, “मारनाऱ्यानं स्वताचं कफन दोन्ही हातांव घेऊन, अनवानी, दारात यावं. म्हनावं, ह्यो मी, ह्ये माझं कापड. म्या कापड घेतलं की संपलं. न्हाई घेतलं, तर त्येची मान माझी. पर असं कोन येतं? त्या घराची पार नाकं कापली जात्यात. पिढ्यान् पिढ्या लोक म्हंत्यात, ह्ये बग कफनवाल्याचं घर.”

“तो आला, तर तुम्ही घ्याल?”

सासऱ्यानं वानिसकडं पाहिलं. वानिसच्या मानेच्या शिरा ताणलेल्या होत्या, आणि तोंडातल्या तोंडात तो काल शिकलेली अक्षरं म्हणत होता. “एकच ऱ्हायलाय,” सासरा म्हणाला. “घीन.”

त्या आठवड्यात मी अंद्राउसला दोनदा पाटाच्या पलीकडं, कलादाच्या उसाकडून येताना पाहिलं. एकदा त्याचा ओठ फुटलेला होता. कुणी फोडला हे त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्यांदा तो आला तो जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत. मग सासऱ्याला बाजूला घेऊन कानात काही बोलला. सासरा भिंतीला टेकून खाली बसला. मी विचारलं, “मामंजी, बरं न्हाई व्हय?” तर माझ्या पोटाकडं बघून म्हणाला, “बरं हाय. आता बरंच व्हईल.” याहून जास्त त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. सासूला तर नाहीच.

रस उकळायच्या शेवटच्या काइलीचा दिवस होता. अबादिर चिपाडं न्यायला उंट घेऊन आला होता, सासऱ्याचे दोन मावसभाऊ मदतीला आले होते. काइलीत काकवीला लाल फेस आला होता आणि सगळ्या वाटेवर गोड वास पसरला होता. थोडा विसावा म्हणून पुरुष ओट्यावर बसले. आणि जिन्यावरून अंद्राउस आला. हातात ट्रे, ट्रेवर लहान लहान पेले, मध्ये पितळी भांडं. चेहरा कसा, तर सणाच्या सकाळी पोराचा असतो तसा.

“आज माझ्याकडून,” तो म्हणाला. “आज आनंदाचा दिवस आहे.”

अबादिरच्या हातातला उंटाचा दोर सैल झाला. मी चरकापासून धावले. “अरं, वर ने त्ये! वर ने!” पण तोवर त्यानं पहिला पेला भरून सासऱ्यापुढं धरला होता.

सासरा त्या पेल्याकडं बघत राहिला. नको म्हणाला असता तर पाहुण्याचा अपमान झाला असता, पण अपमानाचं कारण नव्हतं ते. तो दमला होता. सांत्वनाशिवाय, रडण्याशिवाय, पोरगं पुरून महिनेच्या महिने रस उकळणारा बाप होता तो, आणि कुणीतरी त्याला त्याच्याच ओट्यावर कॉफी देत होतं.

“आबा,” वानिस खालच्या आवाजात म्हणाला, “काय करताय?”

“सांजला प्यायची, ती आत्ता पितो,” सासरा म्हणाला. आणि प्याला.

मावसभावांनी एकमेकांकडं पाहिलं, मग उठून एकेक करून सासऱ्याच्या खांद्याला हात लावला. “देव धीर देवो,” म्हणाले. पहिलं सांत्वन! आतून सासू धावत बाहेर आली, पेला पाहिला आणि वानिसचा हात धरून त्याला घाण्याआड ओढलं. तिचा चेहरा उजळला होता. “क्येलंस? कवा क्येलंस? माझा वाघ!”

“काय क्येलं, आई? म्या काय क्येलं न्हाई.”

अबादिरनं चिपाडं न भरताच उंट उठवला. आणि मला काय होणार ते कळलं.

कलादा सकाळपासून घरात नव्हता. खेचर घेऊन कुणाला न सांगता गेला होता. भाऊ त्याला हुडकतच होते, आणि अबादिरनं त्यांच्या दारावरून जाताना ओरडून सांगितलं, गोब्रियालच्या ओट्यावर कॉफी झाली.

ते उसातनं आले. फामकडं लोखंडी शेंबीची काठी होती, गादकडं ऊसतोडीचा कोयता. पुरुष ओट्यावरून उठेपर्यंत ते घाण्यापाशी पोचले होते. वानिस काइलीवरची मळी काढत होता, हातात फक्त झारा.

“कुटं पुरलास?” गाद म्हणाला. तो ओरडला नाही, हेच वाईट होतं. “त्येला मूठमाती तरी देऊ दे. कलादा कुटंय?”

“मला काय म्हाईत?” वानिस म्हणाला. “कुनी सांगितलं तुला—”

“कॉफी प्यालात की रं, भडव्यांनो!”

फामची काठी वानिसच्या गुडघ्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी चरकापासून ऐकला. तो काइलीच्या काठावर पडला आणि तापलेल्या काठाला त्याचा तळहात चिकटला. ओरडला तो. अंद्राउस मध्ये घुसला, दोन्ही हात पसरून.

“तो जिवंत आहे! कलादा जिवंत आहे! बाजाराला गेला आहे!”

गादचा कोयता वर होता, तो वरच थांबला. “बाजाराला? कशाला?”

अंद्राउसनं तोंड उघडलं आणि मिटलं. मी त्याचा चेहरा पाहिला. त्यानं कलादाला देवाच्या नावानं वचन दिलं होतं, भावांना सांगणार नाही म्हणून; हे मला मागनं कळलं. भावांना कळलं असतं तर त्यांनी कलादाला दावणीला बांधून ठेवलं असतं. एक श्वास आत गेला, बाहेर आला. बास, तेवढाच वेळ.

“ते... ते मी सांगू शकत नाही,” तो म्हणाला.

“खोटारडा,” गाद म्हणाला.

फामच्या काठीनं अंद्राउसचा पसरलेला हात कोपराखाली मोडला. तो बाजूला कोसळला, आणि गाद त्याला ओलांडून गेला. कोयता वानिसच्या मानेवर तिरपा उतरला. बुडख्यावर बसतो तसाच. मग दुसऱ्यांदा.

“कफन!” अंद्राउस मातीतनं किंचाळला. “कफन आणायला गेला आहे! कफन!”

गाद थबकला. कोयत्यावरून रक्त त्याच्या मनगटावर ओघळत होतं, तिथं गोंदलेल्या क्रुसावर. त्याला शब्द कळला होता, अर्थ हळूहळू पोचत होता. त्यानं अंद्राउसकडं पाहिलं, मग वानिसकडं. तो काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात सासूनं मोठी पळी काइलीत बुडवली आणि उकळती काकवी त्याच्या तोंडावर फेकली.

काकवी पाण्यासारखी ओघळत नाही. ती चिकटते. गाद तोंड धरून गोल गोल फिरला, आणि त्यानं ओढली तेव्हा हाताबरोबर कातडं आलं. सासूनं दुसरी पळी भरली होती. फामनं भावाला धरून उसात ओढत नेलं. सासऱ्याचे मावसभाऊ मागं धावले, पण फार लांब नाही.

वानिस माझ्या मांडीवर गेला. मान धरून ठेवली तर रक्त थांबेल असं मला वाटत होतं. माझ्या बोटांमधनं ते येतच राहिलं, काइलीपेक्षा गरम. पोटातलं माझं पोर लाथा मारत होतं. चुलवाणात कुणी चिपाड घालत नव्हतं, काकवी करपत चालली होती, आणि सासू त्या करपण्याकडं बघत पळी हातात घेऊन उभी होती.

पोलीस आले, विचारून गेले. कुणी काही पाहिलं नव्हतं.

ऊन कलल्यावर वाटेवर कलादा दिसला. खेचर मागं कुठंतरी सोडलं होतं. अनवाणी, उघड्या डोक्यानं, पसरलेल्या दोन्ही हातांवर पांढरं कोरं कापड. आमच्या दारात माणसं गोळा झालेली पाहून त्याला वाटलं, गोऱ्यानं सगळ्यांना बोलावून ठेवलंय. तो मान खाली घालून गर्दीतनं आला. त्याला कुणी अडवलं नाही. वाट देत गेले. तो गुडघ्यावर बसला तेव्हाच त्याला समोर काय आहे ते दिसलं.

तरी तो ठरवलेलं बोलला, कारण तोंड आधीच उघडलं होतं. “ह्यो मी, गोब्रियालआबा. ह्ये माझं कापड. तुमच्या मनाला यील ते करा.” आणि मग वानिसकडं बघत, “ह्ये कुनी... ह्ये कुनी क्येलं?”

“तुझ्या गादनं,” सासरा म्हणाला.

सासू घरात गेली आणि म्हैस कापलेली सुरी घेऊन आली. ती सासऱ्यापुढं धरली. “घ्या,” म्हणाली. “देवानं दारात आनून दिलाय. घ्या न्हाईतर मला घेऊ द्या.”

कलादानं मान पुढं केली. हात खाली घेतले नाहीत.

सासऱ्यानं सुरीकडं पाहिलं नाही. कापडाचं टोक उचललं, बोटांत चोळून पाहिलं आणि सगळं कापड कलादाच्या हातावरून काढून घेतलं. मग वानिसच्या अंगावर पसरलं. डोक्यापासून पायापर्यंत पुरलं.

“उंची सारकीच हाय,” म्हणाला.

त्यानं क्षमा केली की पोराला कापड हवं होतं म्हणून घेतलं, गावात अजून भांडतात. मी तिथं होते आणि मलाही सांगता येणार नाही. पण आमच्यात हातावरचं कापड घेतलं म्हणजे घेतलं. सासूच्या हातातली सुरी खाली पडली. अंद्राउस मोडका हात छातीशी धरून भिंतीपाशी बसला होता. त्यानं प्रभूची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली आणि क्षमेच्या ओळीशी येऊन गप्प झाला. पुढची ओळ कुणीच म्हटली नाही.

सकाळी अबूनांनी वानिसला सिदहोमच्या शेजारी ठेवलं. परत आलो तेव्हा सासरा ओट्यावर बसला. त्याच्या समोर मातीत कलादा, रात्रभर तसाच बसलेला. लोक वाटेच्या पलीकडं थांबले होते. यावं की नाही ते त्यांना कळत नव्हतं. सासूनं वानिसचा झगा घडी करून रांजणात सिदहोमच्या झग्यावर ठेवला, माझ्या पोटावर हात दाबला आणि म्हणाली, “दोन झालं. ह्येनं दोन फेडायचं.”

अंद्राउस चुलीपाशी आला. रडून त्याचे डोळे त्या औषधाच्या पोरांसारखे झाले होते.

“वहिनी, माझं काय चुकलं?”

“कफन आदी, कॉफी मागनं,” मी म्हणाले. “येवढंच.”

त्यानं ते ऐकलं. डोकं भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं. मी त्याला धरलं नाही. कालचे पेले तसेच ट्रेमध्ये पडले होते, तळाशी गाळ वाळलेला. ट्रे त्याच्यापुढं सरकवला. “धू,” म्हणाले. एका हातानं, मांडीत धरून, तो एकेक पेला धुवत राहिला.

“दमयाना,” सासऱ्यानं ओट्यावरून हाक मारली. “कॉफी ठेव.”

“ठेवून तर बग!” सासू आतनं ओरडली. “हात तोडीन!”

मी उठले. रांजणाशी गेले, दोन्ही झगे काढले. सिदहोमचा ताठ झाला होता. वानिसचा अजून ओलसर होता. चुलीत चिपाडं घातली, त्यावर झगे घातले, काडी लावली आणि वर कॉफीचं भांडं धरलं. सासू माझ्या अंगावर धावून आली. तिनं माझे केस धरले, पाठीत गुद्दे घातले, चुलीत हात घालून जळती बाही ओढली. बाही तिच्या हातातच फाटली. मी भांडं सोडलं नाही. ओला झगा धुमसत होता, आमच्या दोघींच्या डोळ्यांत धूर गेला, आणि कॉफी वर आली.

पहिला पेला मी सासऱ्याला नेला नाही, कलादालाही नाही. सासूच्या भाजलेल्या हातात दिला.

तिनं तो फेकला असता तर मी काहीही म्हटलं नसतं. पेल्यावर तिचे दात वाजले. एक घोट तिच्या घशाखाली गेला. मग सिदहोमच्या वेळेपासून कोंडलेला हंबरडा तिच्या पोटातनं बाहेर आला, असा की खजुरावरचे बगळे उठले. सिदहोम म्हणून ओरडत होती की वानिस म्हणून, कुणाला कळलं नाही. वाटेपलीकडच्या बायकांनी ते ऐकलं, ओढण्या तोंडाला लावल्या आणि आमच्या अंगणात रडायला आल्या.